निराधारांचे पेन्शन : दान, सौदा आणि हक्क

(अलिबाग येथे पक्ष कार्यकर्ते आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता.)



निवडणुका जवळ आल्या की आपल्या किनाऱ्यावर एक विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. ज्येष्ठ नागरिकांची स्वतंत्र आघाडी उभारावी, त्यांचे उमेदवार उभे करावेत, आणि जो पक्ष पेन्शन वाढवील त्याच्या पारड्यात सगळी मते टाकावीत, असा तो विचार आहे. आपल्या पक्षातील काही कार्यकर्त्यांनाही तो आकर्षक वाटतो, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे, ते नेमाने मतदानाला जातात, आणि त्यांचे हाल सर्वांना दिसत आहेत. तेव्हा त्यांचे प्रतिनिधित्व कोणी करायचे आणि कसे करायचे, हा प्रश्न आज टाळता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्याचे कारण नाही. ते शोधण्यासाठी लागणारा अनुभव आपल्या घरी आहे आणि परदेशातही आहे. वृद्धांचे प्रतिनिधित्व करण्याचे तीन मार्ग आजवर दिसून आले आहेत. पहिला दानाचा, दुसरा सौद्याचा आणि तिसरा हक्काचा. पहिल्याचे उदाहरण याच जिल्ह्याने दिले आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

आंबेतचे बॅरिस्टर

अब्दुल रहमान अंतुले यांचा जन्म १९२९ साली म्हसळा तालुक्यातील आंबेत या गावी झाला. बॅरिस्टर होऊन ते परतले आणि १९६२ मध्ये श्रीवर्धन मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. हा जिल्हा त्या काळी काँग्रेसला सहज मिळणारा जिल्हा नव्हता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेल्या चरीच्या शेतकरी संपाची ही भूमी. खोतीविरुद्धच्या त्या लढ्यातून येथील आगरी-कुणबी कुळांना संघटनेचे सामर्थ्य कळले होते, आणि पुढे शेतकरी कामगार पक्षाने ते सामर्थ्य दीर्घकाळ जोपासले. अशा जिल्ह्यात काँग्रेसच्या पुढाऱ्याला टिकायचे तर गरिबांच्या प्रश्नावर काहीतरी करून दाखवणे भाग होते. अंतुले यांच्या राजकारणाचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. उण्यापुऱ्या दीड वर्षाच्या या कारकिर्दीत त्यांनी घेतलेल्या निर्णयांचा वेग त्यांचे विरोधकही मान्य करीत. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे अस्तित्वात आले. परंतु त्या दीड वर्षातील जो निर्णय सामान्य माणसाच्या घरात आजही जिवंत आहे, तो म्हणजे १९८० ची संजय गांधी निराधार अनुदान योजना. निराधार वृद्ध, विधवा, अपंग, दुर्धर आजाराने खिळलेले रुग्ण आणि अनाथ मुले यांना सरकारी तिजोरीतून दरमहा रोख रक्कम देण्याची तरतूद तिने केली.

या निर्णयाचे महत्त्व आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. उत्तर प्रदेशाने १९५७ मध्ये आणि केरळने १९६० मध्ये वृद्धापकाळाचे पेन्शन सुरू केले होते. पुरोगामी म्हणवणारे आपले राज्य या बाबतीत वीस वर्षे मागे होते. त्यातही पेन्शन म्हणजे सरकारी नोकराचे, ही कल्पना समाजात इतकी रुजलेली होती की, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर किंवा होडीवर राबलेल्या माणसाचाही समाजावर काही दावा असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हते. अंतुले यांच्या योजनेने तो दावा प्रथमच गावोगावी पोहोचवला. म्हातारीच्या हातात स्वतःचे म्हणून चार पैसे आले की घरातील तिचे स्थान बदलते. सुनेपुढे हात पसरण्याऐवजी नातवाच्या हातावर रुपया ठेवणे तिला शक्य होते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही कोष्टकात या बदलाची नोंद सापडणार नाही, परंतु तो खरा असतो.

सिमेंट आणि सनद

याच कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते. नियंत्रित भाव आणि खुल्या बाजारातील भाव यांत मोठी तफावत असे, त्यामुळे ज्याच्या हाती सिमेंटचा परवाना त्याच्या हाती आयता नफा. हे परवाने बिल्डरांना देताना त्यांच्याकडून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासासाठी देणग्या घेतल्या गेल्या, असे प्रकरण १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले. ते लावून धरणाऱ्यांत समाजवादी चळवळीतील मृणाल गोरे आणि प. बा. सामंत होते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी मुख्यमंत्र्यांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला त्यानंतर अनेक वर्षे न्यायालयांतून फिरत राहिला.

निराधारांना अनुदान देणारा आणि सिमेंटच्या परवान्यांवर देणग्या घेणारा कारभार एकाच माणसाचा कसा, असे कोणी विचारील. मला त्यात विसंगती दिसत नाही. दोन्हींच्या मुळाशी राज्यकारभाराची एकच कल्पना होती. सरकारच्या हाती काही वाटण्यासारखे असते, ते कोणाला द्यायचे हे सत्ताधाऱ्याने ठरवायचे, आणि घेणाऱ्याने त्याचे उपकार स्मरायचे, ही ती कल्पना. बिल्डराला परवाना मिळाला, विधवेला अनुदान मिळाले, आणि दोघांनीही मुख्यमंत्र्यांचे आभार मानावेत अशी अपेक्षा होती. जुन्या काळी राजे इनामाच्या सनदा देत, त्याच परंपरेतला हा कारभार होता. एका सनदेने धनिकाचे भले झाले आणि दुसरीने गरिबाचे, हा फरक मोठाच आहे आणि तो मी नाकारत नाही. परंतु सनद ती सनदच.

अंतुले पुढेही दीर्घकाळ राजकारणात राहिले. १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये ते येथून लोकसभेवर गेले, केंद्रात आरोग्यमंत्री आणि नंतर अल्पसंख्याक व्यवहार मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या योजनेला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा व्यक्तीचा हिशेब बाजूला ठेवून आपण योजनेकडे वळू.

ठराव आणि कायदा

निराधार योजना शासन निर्णयाने आली, कायद्याने नव्हे. कार्यकर्त्यांना हा फरक तांत्रिक वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो.

महाराष्ट्राने त्याच सुमारास आणखी एक मोठी गोष्ट केली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. या कायद्याने मजुराला काम मागण्याचा अधिकार दिला, काम न दिल्यास भत्ता देण्याचे बंधन सरकारवर घातले, आणि पैशाची सोयही केली. १९७५ मध्ये लागू झालेला व्यवसाय कर शहरातील पगारदारांनी भरायचा आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम द्यायचे, अशी ती रचना होती. देणारा कोण, घेणारा कोण आणि कोणत्या अधिकाराने, हे सारे कायद्यात लिहिलेले होते. पुढे देशाने २००५ मध्ये जो रोजगार हमी कायदा केला, त्याची बीजे महाराष्ट्रातच होती. तो केंद्रीय कायदा २०२५ च्या डिसेंबरात संसदेने बदलला, तेव्हा उघडपणे विधेयक आणावे लागले आणि देशभर वाद झाला. कायद्याचा उपयोग एवढाच असतो, परंतु तो थोडा नाही. कायदा गुपचूप मोडता येत नाही. शासन निर्णयाची रक्कम मात्र चार-चार महिने रखडली तरी त्याची चर्चा तहसील कचेरीच्या व्हरांड्यापलीकडे जात नाही.

आता योजनेची अंमलबजावणी पाहा. तालुका पातळीवर निराधारांची निवड करण्यासाठी समिती असते आणि तिच्यावर पालकमंत्र्यांच्या मर्जीतील अशासकीय अध्यक्ष नेमला जातो. सत्ता बदलली की समिती बदलते. म्हणजे म्हाताऱ्या बाईचा अर्ज मंजूर व्हायचा तर प्रथम तलाठ्याचा दाखला आणि नंतर सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्याची ओळख, असा रस्ता आपोआप तयार होतो. समितीवर सज्जन माणसे येतात तेव्हा काम चांगले होते, हे मी जाणतो. परंतु सज्जनांच्या भरवशावर सोडलेली गोष्ट हक्क ठरत नाही.

उत्पन्नाच्या अटीने तर कमालच केली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, ही मर्यादा वर्षानुवर्षे टिकून राहिली. २१,००० भागिले ३६५ केल्यास दिवसाला साधारण साडेसत्तावन्न रुपये येतात, तेही सबंध कुटुंबाला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातील एका माणसाने कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस काम केले तर वर्षाचे २९,७०० रुपये होतात. म्हणजे सरकारने आपला एक शब्द पाळला की त्या घरातील म्हातारी सरकारच्या दुसऱ्या शब्दाला अपात्र ठरते! प्रत्यक्षात कोणी अपात्र ठरत नाही, कारण सगळेच उत्पन्न कमी दाखवून दाखला घेतात. तलाठ्याला ते ठाऊक असते, तहसीलदाराला ठाऊक असते, समितीच्या अध्यक्षालाही ठाऊक असते. राज्याने गरिबाला खोटे बोलायला लावले आणि ते खोटे आपल्या दप्तरी जपून ठेवले. ज्याचे खोटे दुसऱ्याच्या हाती असते, तो माणूस मोर्चात पुढे उभा राहत नाही. उत्पन्नाच्या या अटीने सरकारचे किती पैसे वाचले हे मला सांगता येणार नाही, परंतु तिने किती माणसे गप्प केली याचा अंदाज गावागावांत हिंडणाऱ्या तुम्हा कार्यकर्त्यांना असेल.

याच धोरणाचे दुसरे उदाहरण ताजे आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने महिलांसाठी दरमहा १,५०० रुपयांची योजना आणली. वयोमर्यादा २१ ते ६५ वर्षे आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. स्त्रीच्या हाती पैसा जातो याचे मी स्वागतच करतो. परंतु पासष्ट वर्षे पूर्ण होताच त्याच बाईला श्रावणबाळ योजनेच्या दारात उभे राहावे लागते आणि तेथे तिची मर्यादा अडीच लाखांवरून २१,००० वर घसरते. ती चौसष्टाव्या वर्षी गरजू होती आणि सहासष्टाव्या वर्षी सधन झाली, असे याचे तर्कशास्त्र आहे. हक्काच्या पायावर बांधलेल्या व्यवस्थेत अशी विकृती येत नाही. ती दानाच्या व्यवस्थेत येते, कारण दान देणाऱ्याचे लक्ष घेणाऱ्याच्या गरजेपेक्षा आपल्या लाभाकडे असते.

बेलग्रेडचा धडा

दानाला कंटाळलेल्या माणसाला सौद्याचा मार्ग आकर्षक वाटतो. आमची मते घ्या आणि आमचे पेन्शन वाढवा, असा तो रोखठोक व्यवहार. या मार्गाने सर्वांत दूर गेलेला पक्ष सर्बियात आहे. जुन्या युगोस्लाव्हियाच्या विघटनानंतर त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली, महागाईने लोकांच्या ठेवी गिळल्या, आणि पेन्शनवर जगणारे लाखो लोक उघडे पडले. २००५ मध्ये योव्हान क्रकोबाबिच या पंचाहत्तर वर्षांच्या अनुभवी राजकारण्याने त्यांचा स्वतंत्र पक्ष काढला.

पहिल्या काही वर्षांतले यश डोळ्यांत भरणारे होते. २००८ च्या निवडणुकीत या पक्षाने सर्बियन समाजवादी पक्षाशी युती केली, पाच जागा मिळवल्या, आणि बहुमतासाठी त्या पाच जागांची गरज असल्यामुळे क्रकोबाबिच उपपंतप्रधान झाले. त्या ऑक्टोबरात पेन्शनमध्ये एकदम दहा टक्के वाढ मिळाली. सौदा फळाला आला, असे कोणालाही वाटले असते. परंतु जागतिक मंदी आली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अटी घातल्या आणि २००९ व २०१० मध्ये पेन्शन गोठवण्यात आले. पेन्शनरांचे प्रतिनिधी तेव्हा सरकारातच होते. २०१२ मध्ये सत्तेचे समीकरण बदलले, पक्षाने नव्या सत्ताधाऱ्यांशी जुळवून घेतले आणि क्रकोबाबिच कामगारमंत्री झाले. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून सरकारने मोठ्या पेन्शनांत सरळ कपात केली. २५,००० दिनारांच्या वरील रकमेवर २२ टक्के आणि ४०,००० च्या वरील रकमेवर २५ टक्के. ही कपात २०१८ पर्यंत चालली. त्या काळात हा पक्ष सत्ताधाऱ्यांच्या बाजूलाच बसलेला होता. पक्षाचे नेतृत्व दरम्यान क्रकोबाबिच यांचे पुत्र मिलान यांच्याकडे आले आणि २०१६ पासून तेही मंत्री झाले.

या गृहस्थांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. मंत्रिमंडळात पेन्शनरांचा आवाज असल्यामुळे काही वाईट गोष्टी टळल्या असतील, मिलान यांनी खेड्यांतील सहकारी संस्थांसाठी प्रयत्न केले हेही खरे. परंतु मुद्दा व्यक्तीच्या प्रामाणिकपणाचा नाही. केवळ वयाच्या आधारावर उभ्या राहिलेल्या पक्षाला अर्थव्यवस्थेविषयी स्वतःची भूमिका घेता येत नाही. कर कोणावर लावायचा, कारखाने कोणाच्या मालकीचे असावेत, तरुणांना रोजगार कसा मिळावा, या प्रश्नांवर त्याचे म्हणणे काय, तर आमचे पेन्शन वाढवा. असा पक्ष कोणाच्याही आघाडीत मावतो, आणि जो कोठेही मावतो त्याच्यासाठी कोणालाच फारशी किंमत मोजावी लागत नाही. इस्राएलमध्ये पेन्शनरांच्या पक्षाने २००६ मध्ये सात जागा जिंकून सर्वांना थक्क केले आणि २००९ मध्ये त्याला एकही जागा मिळाली नाही. सौद्यात मिळालेली गोष्ट पुढच्या सौद्यात जाते.

म्हाताऱ्यांची वेगवेगळी म्हातारपणे

ज्येष्ठ नागरिक नावाचा एकजिनसी वर्ग अस्तित्वात नाही, ही दुसरी अडचण. आपल्याच किनाऱ्याकडे पाहा. थळच्या खत कारखान्यातून किंवा नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार, जिल्हा परिषदेतील निवृत्त शिक्षक, रेवदंड्याचा म्हातारा खलाशी आणि पेण-उरणकडच्या मिठागरात उभे आयुष्य गेलेली बाई हे चौघेही साठीच्या पुढचे. परंतु त्यांच्या म्हातारपणात काहीच साम्य नाही.

शिक्षकाच्या पेन्शनला १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्याच्या निकालाचे कवच आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने आणि निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी स्पष्ट केले की पेन्शन ही मालकाने दिलेली बक्षिसी नव्हे, तो केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. या निकालात घटनेच्या उद्देशिकेतील समाजवादी या शब्दाचा आधार घेतला आहे, हे आपण विसरू नये.

कारखान्यातील कामगाराचे पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ पासूनच्या योजनेखाली येते. मालकाच्या भविष्य निर्वाह निधीतील वाट्यापैकी ८.३३ टक्के रक्कम तिच्याकडे वळवली जाते. पेन्शनचे सूत्र असे आहे : पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर. वेतनाची मर्यादा २०१४ मध्ये १५,००० रुपये झाली. त्या मर्यादेवर पस्तीस वर्षे नोकरी केली तर सूत्राने ७,५०० रुपये येतात, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरवण्यात आले. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०१३ मध्येच ३,००० रुपयांची शिफारस केली होती, तरी पुढील दहा वर्षांहून अधिक काळ हा आकडा हलला नाही.

आणि १८ जानेवारी १९८२ रोजी, अंतुले यांच्या राजीनाम्यानंतर अवघ्या आठवड्याभरात, ज्या गिरणी संपाला तोंड फुटले, त्यातील कामगारांचे काय? त्या संपात नोकरी गमावून कोकणातल्या गावी परतलेल्यांना १९९५ च्या योजनेचा उपयोग नव्हता. त्यांच्यापैकी जे गरिबीतच म्हातारे झाले, ते तालुका समितीच्या दारात निराधार म्हणून उभे राहिले. देशाच्या कापडधंद्याचा आधार असलेल्या माणसाला सरकारी कागदावर निराधार हे नाव मिळाले.

खलाशाची आणि मिठागरातील बाईची गोष्ट याहून बिकट आहे. होडीच्या उत्पन्नातून डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा करून उरलेल्याचे वाटे पडतात. तांडेल आणि खलाशी वाट्यावर काम करतात. मालक कोण आणि नोकर कोण, हे कायद्याला सापडत नाही, म्हणून वर्गणी कापली जात नाही, म्हणून पेन्शन नाही. असंघटितांसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आणि २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन योजना आणली. दोन्हींत प्रवेशाचे वय १८ ते ४०. म्हणजे जो आज म्हातारा आहे त्याच्यासाठी त्यांत काहीच नाही, आणि जो तरुण आहे त्याने मासळीच्या अनिश्चित हंगामातून वीस-तीस वर्षे अखंड हप्ते भरावेत अशी अपेक्षा आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधील वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी २०० रुपयांवर थांबला तो थांबलाच. २००७ पासून किमतींची पातळी तिपटीच्या घरात गेली आहे, म्हणजे त्या २०० रुपयांचे मोल तेव्हाच्या सत्तर रुपयांइतकेही राहिलेले नाही.

या चौघांना एका आघाडीत बसवले तर पुढारपण कोणाकडे जाईल, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. ज्याच्याजवळ वेळ, शिक्षण आणि नियमित उत्पन्न आहे त्याच्याकडे ते जाईल, आणि मागण्यांच्या यादीत मिठागरातील बाई शेवटच्या ओळीत असेल.

हमालांनी दाखवलेली वाट

तिसरा मार्ग महाराष्ट्रातच घडला आणि तो आपल्या परंपरेचा आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींच्या संघटनेतून जो रेटा लावला, त्याचे फळ म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. हमालालाही एक मालक नसतो. आज या दुकानाचे पोते, उद्या त्या गोदामाचे. कायद्याने ही अडचण अशी सोडवली की मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि आजारपणाचा खर्च भागतो. मालक एक नसला तरी धंदा एक असतो, आणि माणूस ज्या धंद्यात झिजतो त्या धंद्याने त्याच्या म्हातारपणाचा भार उचलला पाहिजे, हे तत्त्व हमालांनी कायद्यात लिहवून घेतले.

बाबांनी हे तत्त्व पुढे नेले. २०१२ मध्ये अरुणा रॉय यांच्यासह त्यांनी पेन्शन परिषदेच्या द्वारे देशभरातील असंघटित वृद्धांना दिल्लीत एकत्र आणले. किमान वेतनाच्या निम्मे, आणि कोणत्याही परिस्थितीत दरमहा २,००० रुपयांपेक्षा कमी नाही, असे सार्वत्रिक पेन्शन ही मागणी होती. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला हा माणूस त्या धरण्यात बसला तो ज्येष्ठ नागरिकांचा उमेदवार म्हणून नव्हे, तर श्रमिकांचा प्रतिनिधी म्हणून. डिसेंबर २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. मागणी मात्र शिल्लक आहे.

पैसा कोठून येणार?

अर्थशास्त्राच्या माणसाला हा प्रश्न विचारला जाणारच, म्हणून हिशेब मांडतो. दरमहा ३,००० रुपये दिले तर दर एक लाख वृद्धांमागे वर्षाला ३६० कोटी रुपये लागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभरांत जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती, म्हणजे सुमारे एक कोटी दहा लाख. आज ती संख्या वाढलेली आहे. सरकारी पेन्शन मिळणारे आणि आयकर भरणारे वगळले तर ती पुन्हा कमी होते. ढोबळ मानाने चाळीस हजार कोटींच्या आसपासचा हा खर्च आहे. रक्कम मोठी आहे, ती लहान भासवण्यात अर्थ नाही. परंतु २०२४ मध्ये महिलांच्या योजनेसाठी याच राज्याने वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज जाहीर केला होता. ती योजना बंद करा असे मी म्हणत नाही. इच्छा झाली की तिजोरी उघडते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आणि सगळा भार तिजोरीवर टाकण्याचेही कारण नाही. व्यवसाय कराची वार्षिक २,५०० रुपयांची घटनात्मक कमाल मर्यादा १९८८ पासून बदललेली नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. मग उरणच्या बंदरातून उतरणाऱ्या मालावर, धरमतरच्या खाडीतून जाणाऱ्या खनिजावर नाममात्र उपकर बसवून त्यातून या किनाऱ्यावरील खलाशी आणि मिठागर कामगार यांचे मंडळ का उभे राहू नये? ज्या खाड्या आणि जमिनी या उद्योगांनी घेतल्या, त्यांवरच या माणसांचे पोट होते. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी रक्त सांडून जमिनीच्या विकसित मोबदल्याचे तत्त्व मान्य करून घेतले. समुद्राच्या आणि खाडीच्या मोबदल्याचा हिशेब अजून कोणी मागितलेला नाही.

आपले काम

तेव्हा स्वतंत्र आघाडीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. म्हाताऱ्यांची संघटना जरूर हवी, परंतु ती कामाच्या नात्याने बांधलेली हवी, जन्मतारखेच्या नात्याने नव्हे. खलाशांच्या संघटनेत म्हातारा आणि तरुण खलाशी एकत्र बसले पाहिजेत, कारण आज जो नांगर टाकतो आहे त्याचेच उद्याचे म्हातारपण या लढ्यात ठरणार आहे.

मागण्या तीन असाव्यात. एक, वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा विधिमंडळाने करावा, त्यात रक्कम महागाईशी जोडलेली असावी आणि ठरलेल्या तारखेला पैसे न मिळाल्यास व्याज देण्याचे बंधन असावे. दोन, उत्पन्नाची अट रद्द करावी आणि पालकमंत्र्यांच्या समित्यांऐवजी ग्रामसभेत यादी जाहीर वाचली जावी. तीन, मासेमारी आणि मिठागर यांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर मंडळ व्हावे.

हे मिळेपर्यंत करण्यासारखे रोजचे कामही आहे. तालुक्यातील निराधारांची यादी मागवा, गावनिहाय वाचून दाखवा, कोणाचे नाव का नाही याची विचारणा करा. अर्ज भरून देताना मात्र एक पथ्य पाळा. ज्याचा अर्ज भराल त्याला आपल्या पक्षाचे उपकार सांगू नका. अंतुले यांच्या योजनेतील दोष नेमका तोच होता, आणि तो आपल्या हातून घडला तर झेंड्याचा रंग बदलण्यापलीकडे काही साधणार नाही. त्याला सांगा की बाबा, हे तुझेच आहे, आम्ही फक्त मागायला बरोबर आलो आहोत.